सावलीतली कल्हई

३ फेब्रुवारी

नवरा म्हणतो, संस्थेतला राग घरातल्या भांड्यांवर काढण्यापेक्षा कागदावर काढ, भांडी तरी शाबूत राहतील. म्हणून हे लिखाण. कोणी वाचणार नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

आमच्या यंत्राला आम्ही सगळे 'कडं' म्हणतो. माणूस उभा राहून आत फिरू शकेल एवढं पोकळ पोलादी कडं, आतली हवा उपसून काढलेली. त्यात चिमूटभर हायड्रोजन सोडायचा, सूर्याच्या पोटापेक्षा जास्त तापवून त्याचा प्लाझ्मा करायचा आणि चुंबकांच्या जोरावर भिंतीपासून लांब धरून ठेवायचा. धरला तेवढा वेळ शॉट चालला, निसटला की शॉट पडला. आतल्या भिंतीवर काळ्या ग्रॅफाइटच्या फरशा आहेत आणि त्या फरशांवर लिथियमचा पातळ हात देणं हे माझं काम. सकाळी आत लिथियमची वाफ सोडायची, ती भिंतीवर बसते. मग भिंत हायड्रोजन परत फेकत नाही, गिळून टाकते, आणि प्लाझ्मा शांत राहतो. संस्थेत मला 'कल्हईवाली' म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण मला कान आहेत.

एप्रिलअखेर मी निवृत्त होते. त्यानंतर कडं खोलून नवी भिंत बसवणार, तिला माझी कल्हई लागणार नाही. जाण्याआधी मला शंभर सेकंदांचा एक शॉट बघायचा आहे. आयुष्य या भिंतीत घातलंय, एवढं मागणं जास्त नाही. आज शॉटने चाळीस सेकंद ओलांडले. संचालक पेढे मिळाल्यासारखे हसत होते.

५ फेब्रुवारी

शॉट पडला. छान चालला होता आणि एकदम दिवा फुंकल्यासारखा गेला.

कॅमेरे सांभाळणारा इंजिनिअर म्हणजे माझा जावई. आधी इथे नोकरीला लागला, मग माझ्या लेकीला भेटला. हा क्रम लिहून ठेवते, लोक उलटा समजतात. उंच, हडकुळा, आणि शब्द असे वापरतो जणू ते उसने आणलेत. त्याने चित्र थांबवून दाखवलं. पडायच्या क्षणभर आधी एक बारीक ठिणगी वरून प्लाझ्मात उतरताना दिसते. मी म्हटलं, कॅमेऱ्याच्या खिडकीवरची धूळ असेल, तुमची खिडकी बरोबर वरच आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"असेल," तो म्हणाला.

हे त्याचं 'असेल' मला अजिबात सहन होत नाही. पटलं तर हो म्हणावं, नाही पटलं तर भांडावं. 'असेल' म्हणजे ना घर का ना घाट का.

९ फेब्रुवारी

थोडी जाड कल्हई दिली. प्लाझ्मा दुधावरच्या सायीसारखा शांत. बावन्न सेकंद! संचालकांनी सगळ्यांसमोर म्हटलं, मॅडमच्या हाताला गुण आहे. मी मान खाली घालून ऐकलं आणि मनातल्या मनात फुगडी घातली.

१२ फेब्रुवारी

परत ठिणगी, परत पडला. परत कल्हई.

१६ फेब्रुवारी

आज बैठकीत जावईबापू उठून उभे राहिले. नमुन्याची एखादी पट्टी वरच्या फरशांच्या मागच्या खोबणीत ठेवता आली तर बरं, असं त्यांचं म्हणणं.

नमुन्याची पट्टी म्हणजे बोटभर धातूचा तुकडा. एका दांड्यावर बसवून तो भिंतीच्या रांगेत ठेवते, प्लाझ्माच्या अगदी समोर, आणि कडं न उघडता दांडा ओढून बाहेर काढते. त्यावर किती लिथियम बसलं ते मोजलं की भिंतीवर किती बसलं ते कळतं. गेली कित्येक वर्षं मी हेच करते आहे. पट्टीवरचा थर नेहमी पातळ निघतो, कितीही वेळा हात दिला तरी. बसतो तसा झिजतो. बाकीचं लिथियम पंपाने ओढून नेलं असणार. चोख काम.

खोबणीत प्लाझ्मा दिसतही नाही, तिथे पट्टी ठेवायची तर कडं उघडावं लागेल. मी म्हटलं, "जिथे ऊन पडतच नाही तिथे छत्री कशाला?"

सगळे हसले. तोही थोडा हसला आणि बसला. तोंडातून गेलं तेव्हा मलाही मजा वाटली होती. एरवी लेकीचा फोन येतो, आज आला नाही. कामात असेल.

२१ फेब्रुवारी

लेक आणि जावई जेवायला आले होते. तो आल्या आल्या स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करायला बसला. कोणी सांगितलं नव्हतं. नवरा म्हणाला, असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही. मी म्हटलं, नळाशी तरी बोलतो का बघा.

लेकीने भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवली. "आई, त्याला कधी विचारतेस का, त्याला काय वाटतं?"

"त्याला तोंड नाही?"

"तुझ्यासमोर नाही."

माझ्यासमोर नाही म्हणजे काय? मी काय राक्षसीण आहे? तो मला इथे आई म्हणतो, तिथे मॅडम म्हणतो, आणि दोन्हीकडे गप्प बसतो. मी त्याच्या बोलण्याला कधी बंदी घातली? लेक पुढे काही बोलली नाही. नळ मात्र आता थेंबभरही गळत नाही.

२६ फेब्रुवारी

लिथियमची कुपी यंदा लवकर संपली. नवी लावली. हल्ली वरचेवर जाड हात द्यावा लागतो, नाहीतर प्लाझ्मा चिडचिड करतो. दिला की दोन दिवस गुणी बाळ. मग पुन्हा ठिणगी. बाहेरून कुठून तरी कचरा येतोय हे नक्की. मी खिडक्या पुसून घ्यायला सांगितलं. त्याने पुसल्या. ठिणग्या येतातच.

मला शंका नाही असं नाही. पण पट्टी खोटं बोलत नाही. पट्टी पातळ आहे.

४ मार्च

आज फार वाईट झालं. साठ सेकंद उलटले होते, कंट्रोल रूममध्ये कोणी श्वास घेत नव्हतं, आणि वरून ठिणग्यांचा अख्खा सडा पडला. प्लाझ्मा असा आपटला की इमारत हलली. टेबलावरचे पेले पडले.

वरच्या रांगेतली एक फरशी जागेवरून निसटून लोंबते आहे. आता कडं उघडल्यावाचून इलाज नाही.

संचालकांनी लगेच बैठक घेतली. आम्हाला लागणारी अफाट वीज महिनाअखेरपर्यंतच मिळणार आहे, पुढे उन्हाळ्यात शहराला लागते. तेव्हा उघडा, फरशी बसवा, बंद करा, आणि महिना संपायच्या आत लांब शॉट घ्या. मग मला विचारलं, कडं कधी उघडता येईल?

हा प्रश्न माझाच. लिथियमला पाणी लागलं की ते पेटतं. म्हणून माणूस आत पाठवण्याआधी कड्यात थोडी थोडी दमट हवा सोडून ठेवायची, म्हणजे सगळं लिथियम हळूहळू चुन्यासारखं पांढरं होऊन मरतं. किती दिवस ठेवायची ते थराच्या जाडीवर. माझा थर पातळ. मी म्हटलं, तीन दिवस पुरे.

जावई उभा राहिला. "थोडे जास्त दिले तर बरं, असं वाटतं."

"का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग संचालकांकडे, मग टेबलाकडे. "असंच."

मी म्हटलं, 'असंच'वर यंत्र थांबत नाही. तो बसला. आत कोण जाणार, हे ठरवायची गरजच नव्हती. वरच्या रांगेपर्यंत हात त्याचाच पोचतो आणि दरवाजातून तोच सहज शिरतो. नेहमी तोच जातो.

६ मार्च

दमट हवा सोडलेली आहे. बाहेरून काही दिसत नाही, नुसते काटे हलतात. मी उगाच दोनदा जाऊन बघून आले.

एक गोष्ट मनात येते ती लिहून टाकते. इतक्या कुप्या संपल्या, त्यातलं इतकं लिथियम पंपाने खरंच ओढून नेलं असेल? पंपाच्या तोंडाशी तर फारसं कधी सापडलं नाही. पण बाकी जाणार कुठे? भिंत तेवढीच आहे. वय झालं की माणूस नको तिथे शंका काढतो.

लेकीचा फोन आला. उद्या तो आत जाणार का, विचारलं. हो म्हटलं.

"तू सांगितलंस ना, ठीक आहे म्हणून?"

"हो."

"मग ठीकच असेल."

तिने फोन ठेवल्यावर मी घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली. नवऱ्याने विचारलं, काय झालं. काही नाही म्हटलं. खरंच काही झालं नाही.

उद्या मी स्वतः आत जाते. तो उंच आहे, कोपर मारून आणखी दोन फरशा पाडेल. स्टुलावर उभी राहिले तर माझाही हात पोचतो. शिवाय तीन दिवस पुरे होतात हे त्याला डोळ्यांनी दिसेल. भीतीबिती काही नाही.

७ मार्च

रात्र बरीच झाली आहे. पण आजच लिहायला हवं, उद्या मी ते सारवासारव करून लिहीन.

सकाळी मी आत जाणार म्हटल्यावर तो पहिल्यांदाच नाही म्हणाला. सरळ, 'असेल'शिवाय. तुम्ही नका जाऊ, मी जातो. मला वाटलं, बघा, आता मोठेपणा! मी म्हटलं, कल्हई माझी, आकडा माझा, मीच जाणार. संचालकांना घाई होती, त्यांनी मान हलवली.

आमच्याकडे एक रीत आहे. आत जाणाऱ्याच्या कमरेला दोर बांधतात आणि दाराशी एकजण दोराचं टोक धरून बसतो. त्याने सतत बोलत राहायचं आणि आतल्याने प्रत्येक वेळी उत्तर द्यायचं. विषय काहीही चालतो, हवापाणी, भाजीचे भाव. उत्तर आलं नाही तर दोर ओढायचा. आज दाराशी तो बसला. या रीतीमुळे आमच्या नात्यात प्रथमच त्याला माझ्याशी न थांबता बोलावं लागणार होतं. मला मनात हसूच आलं.

पांढरा पोशाख, मुखवटा, कानात त्याचा आवाज. आत शिरले. कित्येक वर्षांनी आत गेले होते. माझी भिंत समोर होती, काळी, वर चुन्याची फिकट भुकटी. जशी असायला हवी तशी. मी बोटाने पाहिलं, पातळ थर. मला इतकं बरं वाटलं की मी मोठ्याने म्हटलं, "बघ, मेलंय सगळं."

"हो," तो म्हणाला. "समोरचं मेलं असेल."

मी स्टूल लावलं. लोंबणारी फरशी सोडवून खाली ठेवली. तिची जागा ओल्या फडक्याने पुसून घ्यायची आणि नवी फरशी बसवायची, असं काम. मी पिशवीतून फडकं काढलं. मागची खोबण पांढऱ्याने गच्च भरलेली होती. भुकटी होती, चुना होता, मग मेलेलंच. मी हात वर केला.

"आई, पुसू नका. आधी सुकंच खरवडून बघा."

"का?"

"बघा तर."

डाव्या हातात फडकं होतं, उजव्याने लाकडी पट्टी घेऊन खरवडलं. पांढरं पापुद्र्यासारखं उडालं आणि खाली चांदी चमकली. जिवंत, ताजी चांदी. मी आणखी खोल गेले. नखाएवढी जाड, मग बोटाच्या पेराएवढी. पूर्ण खोबण भरलेली. नमुन्याच्या पट्टीवर कधीच न सापडलेलं सगळं लिथियम इथे होतं. समोरच्या भिंतीवरून प्लाझ्मा ते खरवडत होता आणि मागे, जिथे त्याचा हात पोचत नाही, तिथे नेऊन भरत होता. आणि मी वरचेवर जाड हात देत होते.

"आई, उत्तर द्या."

"चांदी आहे," मी म्हटलं. "पुष्कळ आहे. तुला माहीत होतं?"

"ठिणग्या दर वेळी तिथूनच निघायच्या. दुसऱ्या वेळी शंका आली, पुढे खात्री झाली."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो होतो. छत्रीवरून सगळे हसले."

"त्यानंतर?"

तो थांबला. रीतीप्रमाणे थांबायचं नसतं. "त्यानंतर ही म्हणाली, आईची शेवटची इच्छा आहे, तिच्या शॉटच्या आड येऊ नकोस. आणि सगळ्यांसमोर तुम्हाला खोटं कसं पाडणार?"

"आज तर तू स्वतः आत येणार होतास."

"मी जपून केलं असतं."

हे ऐकलं आणि माझं भान सुटलं. मी तीन दिवस म्हटलं होतं, ते चूक आहे हे याला ठाऊक होतं, आणि माझ्यासमोर 'नाही' म्हणवत नाही म्हणून हा पोरगा ओलं फडकं घेऊन इथे उभा राहिला असता. माझी लेक घरी विश्वासाने बसली असती. कशी कोण जाणे, डाव्या हाताची मूठ आवळली गेली आणि फडक्यातून पाणी गळलं.

सुई टोचल्यासारखा आवाज झाला, मग चर्र. चांदीचा एक थेंब उडून मुखवट्यावर आपटला. धूर आला. खोबणीत एक नारिंगी डाग पसरत चालला आणि मी तो बघतच राहिले.

"हात काढ! फडकं टाकू नकोस तिथे, मुठीत धर आणि खाली उतर. आई, उतर!"

मला आयुष्यात असं कोणी ओरडलेलं नाही. मी उतरले. दोर ताणला गेला, पोटाला काचला, मी गुडघ्यांवर दारापर्यंत आले आणि त्याने काखेत हात घालून मला बाहेर ओढलं. दार लावलं, कोरडा वायू आत सोडला. डाग विझला. हे सगळं त्याने केलं. मी जमिनीवर बसले होते, मुठीत फडकं तसंच होतं. त्याने माझी बोटं एकेक करून उघडली.

मी त्याला मूर्ख म्हटलं. दोनदा म्हटलं. मग मला रडू आलं, आणि ते थांबेना. तो बाजूला बसला आणि त्या फडक्याची नीट घडी करत राहिला.

८ मार्च

संचालकांनी बैठक बोलावली. मला वाटलं होतं, झोपेतून उठल्यावर सगळं लहान वाटेल. वाटलं नाही.

मी सांगितलं की तीन दिवसांचा आकडा माझा होता आणि तो चुकीचा होता. नमुने मी नेहमी अशा जागी ठेवले जिथे थर टिकूच शकत नाही, आणि त्यावरून पूर्ण भिंतीचा अंदाज बांधला. जावई लगेच म्हणाला, हा अंदाज सगळ्यांनीच मान्य केला होता. मी म्हटलं, तू मला वाचवायला बसलेला नाहीस. पडद्यावर तुझी चित्रं लाव, सगळी, पहिल्या ठिणगीपासून.

त्याने लावली. आधी अडखळला, माझ्याकडे बघत राहिला. मग सुरू झाला तो थांबेचना. कुठली ठिणगी कुठून निघाली, कुठल्या कल्हईनंतर किती वाढल्या, मी जाड हात दिला की दोन दिवस शांत आणि मग दुप्पट. माझ्या नऊ फेब्रुवारीच्या फुगडीच्या शॉटचंही चित्र त्यात होतं. मी दोन प्रश्न विचारले. दोन्हींना त्याने, तसं नाही मॅडम, असं म्हणून उत्तर दिलं. मला लाज वाटत होती, आणि एवढं चांगलं काम माझ्या नाकाखाली चाललं होतं याचा अभिमानही. दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला माहीत नव्हतं.

शेवटी संचालकांनी विचारलं, सगळं साफ करून लांब शॉट कधी घेता येईल? सवयीने सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी जावयाकडे बोट केलं.

तो उभा राहिला. मला ठाऊक होतं त्याला काय म्हणायचंय, आणि ते म्हणणं त्याला किती जड जाणार आहे तेही. पूर्वीसारखं टेबलाकडे बघेल असं वाटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"या वर्षी नाही," तो म्हणाला.

माझे शंभर सेकंद तिथे संपले. मी म्हटलं, बरोबर आहे.

संध्याकाळी लेकीचा फोन. आवाजावरून कळलं, त्याने घरी नेहमीप्रमाणे काहीच सांगितलेलं नाही.

"बैठकीत तो काही बोलला का गं?"

"बोलला."

"काय?"

"नाही म्हणाला."

"कुणाला?"

"मला," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर."

मग ती हळूच म्हणाली, "आणि तू?" मी तिला सांगितलं की उद्या दोघं जेवायला या, आणि त्याला सांग, मला त्याच्याशी पोटभर भांडायचं आहे.